केळीच्या सोपटाचं दावं

केळीचा घड उतरवला की त्या झाडाचं काम संपतं. बुंध्याशी पिलं वाढत असतात, त्यांना जागा हवी असते. मग ते ओलं, जड खोड विळ्याने आडवं करायचं आणि ओढत नेऊन बांधावर फेकायचं. साठचं दशक सरत आलं तेव्हा भडगावच्या आसपास, गिरणेच्या काठाने, केळीचे मळे वाढत होते आणि त्यांच्याबरोबर बांधांवरचे हे ढीगही. ते कुजायचे, वास मारायचे, त्यांच्यावर चिलटांचे थवे बसायचे. कुणा शेतकऱ्याला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याचं काही वाटून घ्यायला सरकारने मला पगारावर ठेवलं होतं.

मी धुळ्याची. वय तेवीस, लग्न ठरत नव्हतं, वडील अर्धांगाने अंथरुणावर. नोकरी हंगामी होती, दर सहा महिन्यांनी पुढचा कागद यायचा किंवा यायचा नाही. केळीच्या खोडापासून वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, काढून त्याचे दोर, पिशव्या, पायपुसणी करायला गावातल्या बायकांना शिकवायचं, असं ते काम. मला स्वतःला हे तीन आठवड्यांच्या शिबिरात शिकवलेलं. खोड उभं चिरायचं, त्याची एकात एक बसलेली सोपटं सोलायची, सोपटाची पट्टी फळीवर ठेवून बोथट पात्याखालून खरडत ओढायची. गर निघून जातो, हातात पांढरा, रेशमासारखा धागा राहतो. शिबिरात ते फार सोपं वाटलं होतं, कारण तिथे खरडायला दुसरे असत आणि आम्ही वहीत लिहून घेत असू.

गावात चावडीच्या ओट्यावर वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी बारा बायका आल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे पाचही झाले नाहीत. केळीचा चीक लुगड्याला लागला की काळा पडतो आणि लुगडं फाटेपर्यंत जात नाही, हे मला शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं आणि त्या बायकांना जन्मापासून माहीत होतं. एकजण उठताना म्हणाली, "ताई, दिनभर खरडं ते मूठभर दोरा, आन लुगडं गयं ते येगळंच." तिचं खरं होतं. एका अख्ख्या खोडातून जे निघायचं ते एका हातात मावायचं. महिन्याच्या शेवटी माझ्या वर्गात तिघी उरल्या. त्यांतल्या दोघी गप्पा मारायला यायच्या.

तिसरीला सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले. वय तिशीचं असेल. हाडापेराने मोठी, बोलायला कमी. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं होतं आणि पहूरकडच्या आपल्या गावी दुसरी केली होती. तेव्हापासून अक्का भावाच्या घरी. भाऊ वाईट नव्हता, भावजयही नव्हती. पण नऊ वर्षं ताटात वाढलेली भाकर कुणीतरी वाढली आहे हे अक्का एका जेवणालाही विसरू शकली नव्हती. "भाऊना घरमा फुकटनी भाकर गोड नही लागस," ती म्हणायची, आणि पातं आणखी जोरात दाबायची.

त्या वर्षी तिच्या नवऱ्याचा निरोप आला होता. दुसऱ्या बायकोला तीन मुलं झाली होती, शेवटच्या बाळंतपणात तिची कंबर गेली होती, घरात नि शेतात हात कमी पडत होते. तर पहिलीला पाठवून द्या. भावाने नाही म्हटलं नाही. कायद्याने, रीतीने ते तिचंच घर होतं. त्याने एवढंच म्हटलं की आखाजीपर्यंत राहू दे. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस कुणी त्यांना कामाला लावत नाही. अक्काला त्याच सणाला उलट्या वाटेने जायचं होतं.

हे तिने मला सोपट सोलता सोलता सांगितलं. रडली नाही.

"तठे माले बायको म्हनीसन नही, सालदार म्हनीसन बलावतस," ती म्हणाली. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आणि साल म्हणजे त्याची वर्षाची मजुरी. मग म्हणाली, "सालदारले साल तरी मियस."

भावाने तिला एक वाट ठेवली होती. दोरांच्या कामातून तिची ज्वारी तिची ती आणू लागली, तर गोठ्याला लागून असलेल्या पडवीत तिने वेगळी चूल मांडावी आणि राहावं. मग नवऱ्याला सांगता येईल की बाई तिच्या कामाला लागली आहे, तिचं आमच्यावर ओझं नाही. आखाजीला साडेतीन महिने होते. माझ्या वर्गाकडे सरकार ज्या नजरेने पाहत होतं ती वेगळी. अक्का पाहत होती ती पडवीतल्या चुलीकडे.

पण खरडून पोट भरेना. अक्काच्या तळव्यांना भेगा पडल्या, त्यांत चीक जाऊन त्या काळ्या झाल्या. दिवसाकाठी दोन हात दोर व्हायचा. एके दिवशी तिने पातं खाली ठेवलं आणि मला विचारलं, "ताई, अंबाडी आपन पाणीमा कुजाडतस. आठ दिनमा साल सुटी जास. मंग हाई काब्रं नही?"

सोपटंही तशीच का कुजवू नयेत, हा प्रश्न अगदी शहाणपणाचा होता. अंबाडीचे दोर त्या गावात पिढ्यान् पिढ्या वळले जात होते. काड्या डोहात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे, कुजल्या की साल आपोआप सुटते, धुऊन वाळवली की वाख तयार. ज्याने आयुष्यभर अंबाडीचा दोर वळला त्याला सोपट दिसलं की डोहच आठवणार. त्यात तिची काही चूक नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

चूक कुणाची होती तेही सांगते. मला माहीत होतं. केळीचा धागा अंबाडीच्या सालीसारखा चिवट नसतो, खोड कापल्या दिवशीच खरडायचं, पाण्यात कुजवलं तर गराबरोबर धागाही आतून सडतो, असं शिबिरातल्या मास्तरांनी दोनदा बजावलं होतं. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं, खाली रेघ मारून. पण तीन आठवड्यांनी जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार होते आणि दाखवायला माझ्याकडे एक पिशवी आणि दोन वीत दोरी होती. पुढच्या सहा महिन्यांचा कागद त्या पाहणीवर होता. मी अक्काला म्हणाले, "शिकवताना असं सांगितलेलं नाही. पण करून बघा."

हे वाक्य मी तेव्हा अगदी सहज बोलले. नीट पाहिलं तर त्यात हो आहे, नाही आहे, आणि पुढे काही झालंच तर निसटायला फटही आहे. तेविसाव्या वर्षी एवढी हुशारी माझ्यात कुठून आली कुणास ठाऊक.

अक्काने भावाच्या विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याखाली खड्डा खणला, पाणी भरलं, सोपटं रचून वर दगड ठेवले. नवव्या दिवशी तिने मला हाक मारून नेलं. पाणी काळं झालं होतं, वास डोक्यात जात होता, पण सोपट हातात घेऊन नुसतं पिळलं की गर पाघळून जायचा आणि धागा मोकळा व्हायचा. एका दुपारी तिने महिन्याभराचा वाख काढला. धागा पांढरा नव्हता, राखाडी होता, आणि थोडा मऊ. मी तो हातात घेतला. मला तो मऊपणा जाणवला होता, आणि मी म्हणाले, "छान झालाय."

अक्का त्या दिवशी हसली. मी तिला हसताना फार कमी वेळा पाहिलं.

वळण्यात तिचा हात कुणी धरला नसता. दोन पदरी पीळ, मग तिसरा पदर, टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला गुरांच्या गळ्यात अडकवायचा फास. चार दावी आणि एक लांब दोर तिने आठ दिवसांत वळला. साहेब आले, जीपमधून उतरले, हार घालून घेतला. दोराचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं, दुसरं ड्रायव्हरला दिलं आणि दोघांनी ओढून पाहिलं. दोर कोरडा होता, नवा होता, तुटायचं काही कारण नव्हतं. "बांधावर कुजणारी वस्तू आज गोठ्यात कामाला आली," असं साहेब गावासमोर म्हणाले, आणि अक्काकडे हात करून, "या बाईंकडून शिका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काने पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता, तरी पदराखालचे तिचे ओठ हसत असलेले मला दिसले. तिचा भाऊ गर्दीच्या मागे उभा होता. संध्याकाळी त्याने तिच्या हातून एक दावं मागून घेतलं.

मला पुढच्या सहा महिन्यांचा कागद मिळाला.

मग मी उरलेला माल घेऊन भडगावच्या बाजारात गेले. तिथे एका मारवाडी शेठजींचं दोर, सुतळी, पोती, लोखंडी सामान असं दुकान होतं. आजूबाजूची सगळी गावं त्यांच्याकडून दोर न्यायची. त्यांनी घेतला असता तर अक्काची चूल पेटली असती. शेठजींनी दावं हातात घेतलं, पीळ पाहिला, मान डोलावली. मग ते नाकाशी नेलं.

"ताई, वळलंय झकास. पण वास घ्या."

मी वास घेतला. आंबूस होता.

"अंबाडीचा दोर भिजला तरी असा वास मारत नाही. हा धागा आतून गेलेला आहे. कोरडा राहिला तर राहील, ओला झाला की भरवसा नाही. मी हा कुणाच्या बैलाला बांधायला देणार नाही. दुसरा करून आणा, घेईन."

मला राग आला. साहेबांनी वाखाणलेल्या मालाला हा दुकानात बसलेला माणूस नावं ठेवतो म्हणून राग, भाव पाडायची ही यांची रीतच असते म्हणून राग, आणि सर्वांत जास्त, तो खरं बोलत होता म्हणून राग. त्या माणसाने मला साधी, सरळ वाट दाखवली होती. परत जायचं, अक्काला सांगायचं की कुजवू नका, खरडून करा, शेठ घ्यायला तयार आहेत. थोडा वेळ लागला असता, पण अजून दीड महिना हातात होता. आणि भावाला सांगायचं की ते दावं काढून ठेवा.

सांगायचं म्हटलं तर हेही सांगावं लागलं असतं की मला आधीपासून माहीत होतं. मी गावात परतले तेव्हा अक्का वाटेवरच उभी होती.

"काय म्हनना शेठ?"

"पुढे बघू म्हणाले," मी म्हणाले.

तिने बरं म्हटलं आणि उरलेली दावी माझ्याकडून घेऊन घरी गेली.

भावाने पहिलं दावं म्हशीला लावलं होतं. म्हैस नुकतीच व्यायलेली, घरात तेवढंच एक दुभतं, लेकरांचं दूध, ताक, सणासुदीचं तूप सगळं तिच्यावर. दुसऱ्या कुणाच्या हातचं असतं तर त्याने नवं दावं आधी एखाद्या वासराला लावून पाहिलं असतं. बहिणीचा मान म्हणून त्याने ते म्हशीला लावलं. गोठ्यात शेणामुताने जमीन कायम ओली, दाव्याचा खुंट्याकडचा भाग रात्रंदिवस त्यातच पडलेला. वरून ते तसंच दिसत होतं. अक्का रोज सकाळी शेण काढताना त्याच्यावरून हात फिरवायची, हे मला तिच्या भावजयीने नंतर सांगितलं.

चैत्राच्या एका दुपारी मी चावडीवर होते. कुणीतरी पळत गेलं, मग आणखी कुणी. मीही उठून गेले. आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीला दादर म्हणतात. दादर काढून झालेल्या शेजारच्या शेतात पाटाचं पाणी फुटून शिरलं होतं आणि धसकटांना हिरवे, कोवळे फुटवे आले होते. उन्हाळ्यात सगळा मुलूख वाळलेला असताना तेवढाच हिरवा तुकडा. ज्वारीचे हे फुटवे म्हणजे ढोरांना विष, हे खानदेशात रांगणाऱ्या पोरालाही सांगावं लागत नाही. म्हणून त्या दिवसांत कुणी जनावर मोकळं सोडत नाही. म्हशीला कुणी सोडलं नव्हतं. तिने मान झटकली असेल, एवढंच.

मी पोचले तेव्हा ती बांधाजवळ आडवी पडली होती. तोंडाला फेस, पाय ताठ होत चाललेले, पोट फुगलेलं. लोक गूळपाणी पाजत होते, ते गालातून बाहेर ओघळत होतं. एकजण सायकलवर ढोरांच्या डॉक्टरकडे भडगावला गेला होता. डॉक्टर आले तेव्हा त्यांना पिशवी उघडावीही लागली नाही. घराकडून पारडूचं ओरडणं ऐकू येत होतं आणि अक्काची भावजय तिथेच मातीत बसून होती.

भाऊ गोठ्यात गेला आणि खुंट्याला राहिलेला तुकडा घेऊन आला. माझ्यासमोर उभा राहून त्याने तो दोन बोटांत चुरडला. भिजलेल्या कागदासारखा त्याचा लगदा झाला. अक्का थोडी दूर, बोरीच्या झाडाखाली उभी होती. कुणी तिच्याशी बोलत नव्हतं.

भाऊ आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्याने मला शांतपणे विचारलं, "ताई, हाई कुजाडानं तुमी शिकाडं का? तुमी शिकाडं व्हई ते तिना काय दोष? ती ते तुमना सांगामा व्हती."

सगळा गाव ऐकत होता. भावाला आपल्या बहिणीला दोष द्यायचा नव्हता, तो माझ्याकडे तिच्यासाठी एक शब्द मागत होता. मी नुसतं "हो" म्हटलं असतं, की मला माहीत होतं आणि मी करू दिलं, तर त्याने सरकारच्या नावाने चार शिव्या घातल्या असत्या, मला गावातून जायला सांगितलं असतं, माझा कागद गेला असता. धुळ्याला वडिलांचं औषधपाणी माझ्यावर होतं. हे सगळं खरं आहे आणि मी ते गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले आहे. त्याने काही होत नाही.

"नाही," मी म्हणाले. "मी तसं शिकवलेलं नाही."

भावाने मान हलवली. "मंग ही तिनीच अक्कल," तो म्हणाला, आणि तुकडा फेकून दिला.

त्या दिवसापासून घरात कुणी अक्काला टाकून बोललं नाही. पारडू चौथ्या दिवशी गेलं. पडवीतल्या चुलीचा विषय परत निघाला नाही, निघायचं कारणच उरलं नव्हतं. दूध बंद झालेल्या घरात आणखी एक खाणारं तोंड, तेही ज्याच्या हातून म्हैस गेली असं. निरोप पहूरकडे गेला, उत्तरही आलं. मी वर्ग चालूच ठेवला. ओट्यावर रोज सकाळी फळ्या मांडायच्या आणि बसून राहायचं. अक्का आली नाही, आणि गप्पा मारायला येणाऱ्या त्या दोघीही आल्या नाहीत.

आखाजीच्या आदल्या दिवशी ती निघाली. भावाला कोर्टाचं काहीतरी काम होतं, किंवा त्याने ते काढलं होतं. मी फाट्यापर्यंत तिच्याबरोबर गेले. तिच्याकडे एक गाठोडं होतं. ते मी धरायला मागितलं, तिने दिलं नाही. एसटी आली, तिच्यातून तीन माहेरवाशिणी उतरल्या, नवी लुगडी नेसलेल्या, कडेवर पोरं. त्यांना घ्यायला आलेले भाऊ पुढे झाले, हसणं-बोलणं सुरू झालं. एकीने अक्काला ओळखलं आणि विचारलं, आज कुठे? अक्का म्हणाली, "घर."

कंडक्टरने घंटेची दोरी अजून ओढली नव्हती. अक्का पायरीशी उभी राहिली आणि माझ्याकडे वळली.

"ताई, मनमा काही ठेवू नका," ती म्हणाली. "तुमी खोटं नही बोलनात. तुमी शिकाडं नव्हतंच." मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "माहीत बी नव्हतं तुमले. नव्हतं ना?"

तिथे भाऊ नव्हता, गाव नव्हता, साहेब नव्हते. माझा कागद माझ्या पेटीत होता, तो आता कुणी काढून घेणार नव्हतं. म्हैस मेली होती, पारडू मेलं होतं, ती निघालीच होती. माझ्या उत्तराने कशातही फरक पडणार नव्हता, एवढंच की तिला ते ऐकायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

तिने मान हलवली आणि ती आत जाऊन बसली.